वाका, उचला, पळा

टीव्हीवर लॅक्रॉस बघितलं की वाटतं, या खेळातल्या चेंडूला जमीन माहीतच नसावी. लांब काठी, काठीच्या टोकाला जाळी, आणि या जाळीतून त्या जाळीत चेंडू असा सपासप फिरतो की कॅमेराही मागे राहतो. आता नवशिक्यांच्या मैदानावर या. चेंडू गवतात निवांत पडलेला असतो. त्याच्याभोवती सात-आठ बायका वाकलेल्या असतात, एकीची काठी दुसरीच्या काठीत अडकलेली असते, आणि ‘सॉरी’, ‘नो, नो, माय फॉल्ट’ असा सभ्य कलकलाट चाललेला असतो. मध्येच कुणाच्या तरी बुटाचा धक्का लागून चेंडू चार हात पुढे जातो. मग आम्ही सगळ्याजणी चार हात पुढे जाऊन वाकतो. हवेतला चेंडू हा पुढच्या सत्राचा विषय.

चाळिशी बरीच मागे पडल्यावर मी हे शिकायला गेले, त्याचं कारण मी मेरीलँडमध्ये राहते. सांगलीत असते तर या वयात फार तर हास्यक्लबाला गेले असते. मेरीलँड हे अमेरिकेतलं लहानसं राज्य. घोडा दौडवत भाल्याच्या टोकावर टांगलेली कडी टिपायची, हा १९६२ पासून त्याचा अधिकृत राज्य-खेळ आहे. पुढे २००४ मध्ये, बहुधा घोड्यांची टंचाई लक्षात घेऊन, लॅक्रॉसला राज्याचा सांघिक खेळ ठरवण्यात आलं. बाल्टिमोरच्या आसपास मार्च लागला की मुलांच्या दप्तरांतून आणि गाड्यांच्या मागच्या काचांतून काठ्या डोकवायला लागतात. एखाद्या घरी काठी नसेल, तर त्या घरात मूल नाही किंवा घोडा आहे असं समजावं.

आमच्या लेकीने शाळेत हा खेळ घेतला आणि आम्ही नवरा-बायको मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसू लागलो. नियम दोघांनाही येत नव्हते. शेजारचे ओरडले की आम्ही ओरडायचो, जरा उशिरा. एकदा घरी येताना लेक म्हणाली, “आई, तू सारखी ‘पळ, पळ’ ओरडतेस. मी डिफेन्सला होते. मला जागेवर थांबायचं होतं.” त्याच सुमारास तिच्या क्लबकडून मेल आला. नवशिक्या आयांसाठी उन्हाळ्यात दर रविवारी सकाळी वर्ग, काठी क्लब देईल. नवरा म्हणाला, “जा की. निदान कधी ओरडायचं ते तरी कळेल.”

ठाण्याच्या मावशीला हे फोनवर समजावणं मात्र जड गेलं. तसा लॅक्रॉसचा तिच्या बाजूशी संबंध आहे, तिला तो माहीत नाही इतकंच. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट घ्यायचं असं तिथे ठरलं, तेव्हा मावशीने फोन करून माझं अभिनंदन केलं होतं, जणू मीच सलामीला जाणार होते. त्याच बैठकीत स्क्वॉश, फ्लॅग फुटबॉल आणि बेसबॉल-सॉफ्टबॉलबरोबर लॅक्रॉसही आत आलं. पदकासाठीचं लॅक्रॉस ऑलिम्पिकमध्ये याआधी झालं होतं ते १९०४ आणि १९०८ मध्ये. १९०८ साली लंडनला दोनच संघ होते. कॅनडाने ब्रिटनला १४-१० असं हरवलं आणि हरलेल्या ब्रिटनला रौप्यपदक मिळालं. असलं ऑलिम्पिक मलाही झेपलं असतं.

“हॉकीच ना गं?” मावशीने विचारलं.

“नाही, यात काठी वर धरायची असते.”

“मग पोलो.”

“घोडा नाही, मावशी.”

“आणि ती जाळी कशाला?”

“चेंडू ठेवायला.”

“एकदा ठेवलाय ना जाळीत? मग परत टाकता कशाला?”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पहिल्या रविवारनंतर तर मी मावशीच्याच बाजूची झाले. टाकण्याआधी ठेवावा लागतो, ठेवण्याआधी उचलावा लागतो, आणि उचलण्यातच सकाळ सरते.

पण आधी सामान. पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये हेल्मेट, हातमोजे, खांद्यांना आणि कोपरांना पॅड असा सगळा सरंजाम असतो, कारण तिथे एकमेकांना धडकायला परवानगी आहे. बायकांच्या खेळात धडकायचं नाही, म्हणून मैदानात खेळणारीला डोळ्यांवर जाळीदार गॉगल आणि दातांवर माउथगार्ड, एवढ्यावर भागवलेलं आहे. डोक्याची काळजी नियमपुस्तक घेतं. प्रत्येकीच्या डोक्याभोवती सात इंचांचा एक अदृश्य गोल आहे आणि त्या गोलात दुसरीची काठी शिरली तर फाऊल. डोंबिवली फास्टमध्ये वाढलेल्या माझ्या एका मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोललीच नाही.

चेंडू पिवळा, भरीव रबराचा, वजनाला १४५ ग्रॅमच्या आसपास. क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका, पण लागला की हा फरक जाणवत नाही. रबरी चेंडूचं श्रेय माँट्रिअलच्या विल्यम जॉर्ज बीअर्स यांच्याकडे जातं. मूळ अमेरिकन लोक शतकानुशतकं हा खेळ लाकडाच्या नाहीतर हरणाच्या कातड्याच्या चेंडूने खेळत आले होते. बीअर्स यांनी १८६७ मध्ये त्याचे नियम लिहून काढले आणि टणक रबरी चेंडू रूढ केला. हे बीअर्स पेशाने दंतवैद्य होते. आपल्या धंद्यावर इतकी निष्ठा असलेला माणूस मी दुसरा ऐकलेला नाही.

माउथगार्ड घातल्यावर बोलता येत नाही, आणि या खेळात गप्प राहिलेलं चालत नाही. चेंडू उचलायला जाणारीने ‘बॉल’ म्हणून ओरडायचं, तिच्या मैत्रिणीने आपण मदतीला कुठल्या बाजूला आहोत ते ओरडायचं, आणि चेंडू जाळीतून पडला की मैदानातल्या सगळ्यांनीच ओरडायचं. प्लॅस्टिकचं ते बूच दातांत धरून हे सगळं ‘बऑ, बऑ’ असं बाहेर पडतं. आमच्या गटात एक पंजाबी नर्स आहे, एक कोरियन हिशेबनीस आहे, बाल्टिमोरच्याच जन्मलेल्या दोघीतिघी आहेत. त्या बुचाने आमचे सगळ्यांचे उच्चार एका पातळीवर आणून ठेवले. वीस वर्षं या देशात माझं इंग्रजी इतकं अमेरिकन कधी वाटलं नव्हतं.

आता ग्राउंड बॉल. पडलेला चेंडू जाळीत घेण्याची कृती सांगायला चार वाक्यं पुरतात. चेंडूच्या दिशेने पळा. पाय चेंडूच्या शेजारी पडेल तेव्हा गुडघे मोडून खाली जा. काठीचं मागचं टोक जमिनीला लागेल इतकं खाली आणून जाळी चेंडूखाली सरकवा. आणि न थांबता पुढे पळत राहा. आमची कोच कॉलेजात शिकणारी, विशीतली मुलगी. ती हे करून दाखवते तेव्हा चेंडू तिच्या जाळीत आपणहून चढतो असं वाटतं. आम्ही करायला गेलो की काठी चेंडूच्या डोक्यावर आपटते, नाहीतर चेंडूअलीकडच्या गवतात रुतते आणि तिचं दुसरं टोक पोटात बसतं. पोटात बसलेलं टोक हे काठी चुकीच्या कोनात असल्याचं लक्षण आहे, असं कोच हसत सांगते. निदान अचूक असतं.

तिचं दुसरं सांगणं गुडघ्यांविषयी. “कंबरेतून नाही, गुडघ्यांतून!” हे ती अख्खा तास ओरडते. तिला कोण सांगणार की मी केरसुणीच्या घरात वाढले? आमच्याकडे मुलीला दहाव्या वर्षी कंबरेतून काटकोनात वाकून अख्खं माजघर झाडता यायचं, आणि पाय सरळ ठेवून. गुडघे मोडले की आजी म्हणायची, “बसतेस काय, अजून कोपरा राहिलाय.” ते वळण काही हाडांतून जात नाही. कोचने शिट्टी वाजवली की गोऱ्या बायका खुर्चीवर बसल्यासारख्या खाली जातात आणि मी माजघर झाडायला घेते.

बाकी या कामाची मला सवय आहे. सांगलीत भावांच्या क्रिकेटमध्ये मी लिंबूटिंबू. बॅटिंग मिळालीच तर शेवटी, अंधार पडताना, चेंडू दिसेनासा झाल्यावर. माझं खरं काम चेंडू आणण्याचं. गटारातून, कुंपणापलीकडून, जोशीकाकूंच्या वाळवणावरून. त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. धावा लिहिल्या, बळी लिहिले, गटारातून चेंडू कुणी किती वेळा काढला हे एका वहीत नाही. लॅक्रॉसमध्ये त्याचा रकाना आहे! धावफलकाच्या तक्त्यात प्रत्येक खेळाडूच्या नावासमोर गोल, पास आणि ‘ग्राउंड बॉल’ असं रीतसर लिहितात. दोन्ही संघ झगडत असताना पडलेला चेंडू कुणी उचलला, याचा आकडा. हे कळलं त्या दिवशी मी कोचला दोनदा विचारून खात्री करून घेतली. रात्री मोठ्या भावाला फोन करून तेही सांगितलं. तो म्हणाला, “बरं.”

वाकण्याचा परिणाम व्हायचा तो झाला. कंबरेत अशी उसण भरली की सोमवारी ऑफिसात खुर्चीवरून उठताना मी टेबलाला नमस्कार करत होते. फिजिओथेरपिस्टने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कपाट उघडलं आणि आतून लॅक्रॉसचा चेंडू काढला. पाठ आणि भिंत यांच्यामध्ये हा धरायचा आणि आखडलेल्या स्नायूवरून फिरवायचा. गाठी सोडवायला इतका बरोबर मापाचा आणि टणक दुसरा चेंडू नाही म्हणे. अमेरिकेत लॅक्रॉस कधीही न खेळलेल्या हजारो लोकांकडे याच कामासाठी हा चेंडू असतो. पाठ धरवणारा आणि पाठ सोडवणारा एकच!

हे ऐकून मूळ खेळणारे हसतील असं वाटत नाही, कारण त्यांच्याकडे हा खेळ खरोखरच औषध आहे. होडेनोशोनी, म्हणजे मोहॉक, ओनोंडागा, सेनेका वगैरे सहा राष्ट्रांचा संघ, हा खेळ निर्मात्याने स्वतःच्या आनंदासाठी दिला असं मानतो. गावात कुणी आजारी असलं, मन उदास असलं, तर त्याच्यासाठी सामना खेळतात. त्यासाठीची काठी हिकरीच्या लाकडाची, वाफेवर वाकवलेली, चामड्याच्या वादीने विणलेली. मुलगा जन्मला की त्याला छोटी काठी देतात. आम्ही आधी खेळतो आणि मग औषध घेतो, एवढाच फरक.

या लोकांचा स्वतःचा राष्ट्रीय संघ आहे आणि तो जागतिक स्पर्धेत स्वतःच्या झेंड्याखाली उतरतो. २०२३ मध्ये सॅन दिएगोला पुरुषांच्या स्पर्धेत अमेरिका पहिली, कॅनडा दुसरा आणि हे तिसरे. परदेशी जाताना ते होडेनोशोनी पासपोर्ट वापरतात. २०१० मध्ये मँचेस्टरच्या स्पर्धेला निघाले तेव्हा ब्रिटनने तो पासपोर्ट मान्य केला नाही. खेळ ज्यांचा, तेच न्यूयॉर्कमध्ये अडकले आणि स्पर्धा त्यांच्याविना झाली. व्हिसाच्या रांगेत कागदांची थप्पी छातीशी धरून उभं राहिलेल्या कुठल्याही माणसाला या गोष्टीतला संताप समजावून सांगावा लागणार नाही. आता ऑलिम्पिकमध्येही मान्यताप्राप्त राष्ट्रीय समिती असेल त्यालाच उतरता येतं, या नियमाशी त्यांची झटापट आहे. १९०४ च्या ऑलिम्पिकमध्ये मात्र मोहॉकांचा संघ खेळला होता आणि तीन संघांत तिसरा आला होता. त्या संघाच्या यादीत एका खेळाडूचं नाव ‘मॅन अफ्रेड सोप’ असं नोंदलेलं आहे. साबणाला भिणारा! हे नाव त्या माणसाचं होतं की लिहून घेणाऱ्याची थट्टा, कोण जाणे. यादी लिहिणारे आपल्यालाही भेटलेले आहेत.

तर चेंडू उचलला. आता तो जाळीत राहिला पाहिजे, आणि त्यासाठी काठी सतत डोलवत ठेवायची, याला क्रेडलिंग म्हणतात. काठी डोलत असली की चेंडू जाळीच्या तळाशी दाबून बसतो, हात थांबला की उसळी मारून बाहेर. बायकांच्या काठीची जाळी पुरुषांच्या काठीपेक्षा उथळ ठेवायची असा नियम आहे, चेंडूचा माथा काठावरून दिसला पाहिजे. म्हणजे पुरुषांना हेल्मेटही आणि खोल जाळीही. हे नियम कुणी केले ते शोधायला मी गेलेच नाही, अंदाज येतो. क्रेडलिंगमध्ये मनगट हलवायचं असतं. आम्हा नवशिक्यांचं मनगट सोडून सगळं हलतं. ही सवय हातात इतकी भिनते की एकदा दुकानाच्या रांगेत मी मिटलेली छत्री कानाशी धरून डोलवत होते, आणि मागचा गृहस्थ दोन पावलं मागे सरकून उभा होता.

झेल घेण्यासाठी कोच एकच उपमा देते. समोरून कच्चं अंडं येतंय असं समजा. ते जाळीवर आपटू द्यायचं नाही, जाळीला लागता लागता काठी मागे घ्यायची. माझा तेव्हा श्रावण चालू होता. तिला म्हटलं, दुसरं काही चालेल का? तिने गंभीरपणे विचार केला आणि म्हणाली, “पाण्याचा फुगा?” त्यावर मात्र मी एकदम रंगपंचमीच्या तयारीत आले आणि हात आपोआप मागे गेले. तिने ही सुधारणा सगळ्या गटाला सांगितली. बाकीच्यांना ती अंड्याइतकी लागू पडली नाही.

फेकणं हे आम्हा क्रिकेटवाल्या देशांतल्यांचं खास दुःख आहे. आमचा खांदा फेकायला शिकलेला. इथे खांद्याचं काम थोडं, वरच्या हाताने पुढे ढकलायचं आणि खालच्या हाताने स्वतःकडे ओढायचं. काठी तरफेसारखी फिरली की चेंडू सुटतो. जरा लवकर सुटला तर आकाशात, जरा उशिरा सुटला तर स्वतःच्या बुटापुढे. पंजाबी नर्सचा चेंडू काही आठवडे सातत्याने मागे जात होता. तिच्यासमोर उभं राहणं हीच सगळ्यात सुरक्षित जागा, हे आमच्या सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

आणि हे सगळं दोन्ही हातांनी यायला हवं. उजवा हात वर धरून जे येतं, ते डावा वर धरूनही आलं पाहिजे, नाहीतर समोरचीला कळतं की ही एकाच बाजूने जाणार. माझ्या डाव्या हाताला लहानपणापासून कुठल्याही चांगल्या कार्यात बोलावलेलं नाही. प्रसाद उजव्या हाताने, पैसे उजव्या हाताने, जेवण तर उजव्यानेच. डाव्याने काही दिलं तर समोरचा माणूस घेतानाच अपमान मोजायचा. इतकी वर्षं पानाशेजारी मुकाट पडून राहिलेल्या हाताला आता अचानक नेतृत्व दिलं, तर तो बावचळणारच. डाव्या हाताने मारलेला माझा पहिला पास हा पास होता, यावर अजून दुमत आहे.

यावर उपाय भिंत. लॅक्रॉस खेळणारा प्रत्येक जण तुम्हाला भिंतीकडे पाठवतो. चेंडू भिंतीवर मारा, परत येईल तो झेला, पुन्हा मारा, हात बदला. मेरीलँडमध्ये मुलांना भिंत कमी पडत नाही, शाळांच्या मागच्या बाजूला भिंती याचसाठी राखल्यासारख्या असतात. प्रौढ बाईची पंचाईत होते. मी शाळेमागे गेले तर तिथे आठ-नऊ वर्षांची तीन पोरं आधीच होती. त्यांनी मला एक कोपरा दिला. थोड्या वेळाने त्यातला एक जण माझ्याकडे येऊन म्हणाला, “तुमचा वरचा हात फार वर आहे.” दुसरा म्हणाला, “जवळ उभ्या राहा, लांबून तुम्हाला जमणार नाही.” तिसरा काही बोलला नाही, त्याने माझा चेंडू झुडपातून आणून दिला. मला त्याच्याबद्दल फार आपुलकी वाटली. भिंतीविषयी मात्र माझं मत वाईट आहे. ती काही शिकवत नाही. तुम्ही जे मारलं असेल ते, जसंच्या तसं, तोंडावर आणून देते, आणि तेही तुम्ही तयार नसताना.

घरी लेकीने माझी काठी हातात घेऊन बघितली, जाळीची दोरी दोन बोटं ढिली केली आणि म्हणाली, “आता मार.” खरोखर बरं जायला लागलं. इतके दिवस ही दोरी का नाही सांगितलीस, विचारलं तर म्हणाली, “तू आधी वाकायला शीक म्हटलं.” पोटची पोर.

बायकांचं हे लॅक्रॉस बाल्टिमोरला आलं तो रस्ताही सरळ नाही. स्कॉटलंडमधल्या सेंट लिओनर्ड्स या मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका लुइसा लम्सडेन यांनी १८८४ मध्ये कॅनडात हा खेळ पाहिला, आणि १८९० पासून त्या शाळेच्या मुली तो खेळू लागल्या. तिथेच शिकलेल्या रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ मध्ये तो बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत आणला. म्हणजे शेजारच्या कॅनडातली गोष्ट अटलांटिक ओलांडून गेली आणि स्कर्ट घालून परत आली. इंग्रजी शाळांतल्या मुलींमध्ये हा खेळ इतका मुरला की एनिड ब्लायटनच्या मॅलरी टॉवर्समधल्या मुलीही तोच खेळतात. सांगलीच्या वाचनालयातून आणलेल्या त्या पुस्तकांतले लॅक्रॉसचे सामने मी श्वास रोखून वाचलेले आहेत, खेळ कसा असतो याचा पत्ता नसताना. हिरॉइन जिंकली म्हणजे झालं.

उन्हाळा संपताना आमचा सामना ठरला, दुसऱ्या एका क्लबच्या नवशिक्या आयांशी. घरची माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन आली. लॅक्रॉसच्या प्रेक्षकांनी खरं तर जपून बसावं. २ जून १७६३ ला आजच्या मिशिगनमधल्या मिशिलिमॅकिनॅक किल्ल्याबाहेर ओजिब्वे आणि सॉक लोकांचा असाच सामना रंगला होता. ब्रिटिश सैनिक दार उघडं टाकून मजेत बघत उभे होते. खेळताना चेंडू दाराकडे गेला, खेळाडू चेंडू आणायला म्हणून धावले, बायकांनी पांघरुणाखाली लपवून आणलेली शस्त्रं त्यांनी घेतली आणि किल्ला पडला. चेंडू आणायला गेलेल्या माणसांना इतिहासात एवढं यश कधी मिळालं नसेल. आमच्या प्रेक्षकांत नवरा होता, त्याच्याकडे चहाचा थर्मास होता आणि तो बिनघोर होता.

सामन्याची सुरुवात नीट झाली. दोघींच्या पाठीला पाठ लावलेल्या काठ्यांमध्ये चेंडू धरतात, शिट्टी होते आणि तो वर उडतो. आमच्या सामन्यातला हवेतला चेंडू तेवढाच. पुढे पंचबाईंची शिट्टी वाजली की मी आहे तिथे गोठत होते, कारण लेकीच्या जुन्या पुस्तकात तसं लिहिलं होतं. पूर्वी बायकांच्या खेळात शिट्टी झाली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं असा नियम होता, शाळेत आम्ही ‘स्टॅच्यू’ खेळायचो तसाच. तो नियम अलीकडे गेला. मी पुतळा होऊन उभी आणि खेळ दुसऱ्या टोकाला, असं झाल्यावर कोचने मला बोलावून गोलमागे उभं केलं.

ही जागा मला फार आवडली. लॅक्रॉसमध्ये गोलच्या मागेही मैदान असतं, आणि एक नियम तर माझ्यासारखीला बघूनच केलेला वाटतो. गोलवर मारलेला चेंडू चुकून रेषेबाहेर गेला, तर ज्या खेळाडूचं अंग त्याला सगळ्यात जवळ असेल तिच्या संघाला तो मिळतो. मारणारी कुठल्या संघाची, याच्याशी संबंध नाही. बाहेर गेलेल्या चेंडूजवळ कोण, एवढाच प्रश्न. आणि आमच्या संघाचे चेंडू गोलवर कमी आणि माझ्या अंगावरून बाहेर जास्त, असे येत होते.

कोरियन हिशेबनिसाने मारला. गोलच्या दोन हात वरून गेला. पलीकडची बचावपटू धावत आली, पण मी आधीपासूनच रेषेवर होते, म्हणजे तिथून हललेच नव्हते. पंचबाईंनी माझ्याकडे बोट केलं. चेंडू माझा. काठी कानाशी धरून मी डोलवायला लागले. समोरची माझ्यापुढे हात पसरून उभी होती, पण माझ्या डोक्याभोवती सात इंच जागा कायद्याने राखीव होती, त्यामुळे मी निवांत होते. आता पास द्यायचा. कोच, लेक, नवरा, सगळे तीन दिशांनी ओरडत होते. माझ्या तोंडात बूच. नर्स गोलपुढे मोकळी उभी होती, तिला इंग्रजीत काय हाक मारावी ते त्या घाईत सुचेना, आणि बुचामागून खणखणीत आवाज गेला, “अगं, घे गं!”

तिने घेतला. कसा ते तिलाही सांगता येत नाही. वळली आणि सगळा जोर लावून गोलवर मारला.

खांबाच्या बाजूने चेंडू पुन्हा रेषेबाहेर आला. मी तिथेच होते.